सत्ता अंगठ्याची

आमच्या जामुलच्या घरात सात रिमोट होते आणि आईला त्यातला एकही धड चालवता येत नव्हता. आई ब्याऐंशीची. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी तीच भरते, सिलिंडरचा रेग्युलेटर तीच बदलते, पंपाचा स्टार्टर पडला तर मला हाक न मारता दाबून मोकळी होते. अशी बाई टीव्हीसमोर हात टेकते, तेव्हा खुशाल समजावं की रिमोट निवडणारा गाढव आहे. तो गाढव मी.

घरातल्या टीव्हीला संगणक जोडण्याची हौस मला उगाच आली नाही. १९५६ पर्यंत आमच्या दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. पुढे प्रांतांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे छत्तीसगढात राहिलो. आता मराठी नाटकाचा चांगला प्रयोग बघायचा तर अडीचशेहून अधिक किलोमीटर गाडीत बसा. त्यामुळे आईने नाटकांच्या कॅसेटी आणि सीड्या जपून ठेवल्या होत्या. शिवाय धाकट्याची मुंज, बहिणीचं लग्न, मामांचं कीर्तन. हे सगळं मी एका हार्ड डिस्कवर चढवलं, टीव्हीमागे वहीएवढा संगणक चिकटवला, त्यात कोडी हा व्हिडिओ चालवायचा प्रोग्राम टाकला. दोन महिने खपलो. आणि हे सगळं चालवायचं कशाने, याचा विचार केला शेवटच्या दोन मिनिटांत. आपल्याकडे बहुतेकांचं असंच होतं. प्रोसेसर कोणता, रॅम किती, यावर रात्री जागवतात आणि जी वस्तू रोज हातात धरायची ती दुकानदार देईल ती उचलतात.

आधी आणला बिनतारी कीबोर्ड. बारीक इंग्रजी अक्षरांची शंभराच्या आसपास बटणं. दिवाणावर ठेवला की कोणीतरी त्यावर बसणार आणि ऐन संवादात नाटक दहा मिनिटं मागे जाणार. आई त्याला ‘तुझं ऑफिस’ म्हणायची. "तुझं ऑफिस उचल बाप्पा इथून, ताट ठेवायचं आहे."

मग पावर हाऊस भागातल्या जवाहर मार्केटमधून एअर माउस आणला. त्याच्या आत जायरोस्कोप असतो. हात हवेत फिरवला की पडद्यावरचा बाण फिरतो. वीस वर्षांच्या पोट्ट्याला मजा येते. आईचा हात वयाने थोडा थरथरतो, त्याबरोबर बाणही थरथरतो. ती ‘प्ले’वर नेम धरायची आणि लागायचं ‘डिलीट’च्या शेजारी. मुळात कोडीला बाण लागतोच कशाला? हा प्रोग्राम २००२ साली एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी सुरू झाला, कोडी हे नाव २०१४ मधलं. तो जन्मापासून चार दिशा, ओके आणि मागे, एवढ्यावर चालतो. पायी दोन मिनिटांच्या वाटेवर हेलिकॉप्टर विकणाऱ्याला काय म्हणायचं ते म्हणा, पण विकत घेणाऱ्यालाही दोन शब्द सुनवा.

त्यातही या माउसची यूएसबीत खोचायची बोटभर चकती मी हार्ड डिस्कच्या शेजारच्या भोकात खोचली होती. बटणं दाबावी तर तीनातलं एक लागेना. यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलनेच २०१२ साली लिहून ठेवलंय. बिनतारी उपकरणं नेमकी त्याच पट्ट्यात बोलतात. चकती फूटभर वायरीने दूर नेली की काम भागतं. हे डब्यावर कोणी छापत नाही. डब्यावर छापतात ‘स्मार्ट’.

तिसरा उपाय पुण्याहून धाकट्याने सुचवला : फोनमध्ये अॅप टाका. म्हणजे चष्मा शोधा, फोन उघडा, अॅप शोधा, तोवर वायफाय सुटलेलं. एवढं करून नाटक लागलं, आणि तेवढ्यात नातीचा फोन आला. रिमोटच बोलायला लागला! आता नाटक थांबवायचं कशाने?

उरला आवाजाचा रिमोट. गुगलने २०१७ साली मराठीतून बोलून शोधण्याची सोय केली, हे मला मान्य आहे. पण आईची मराठी नागपुरी, त्यावर साठ वर्षांचं छत्तीसगढी पाणी, आणि दुकानातून आलेला तो रिमोट हिंदी ऐकायच्या तयारीचा. आई म्हणाली, "नाटक लाव न." त्याने ‘लव’ ऐकलं आणि पडद्यावर प्रेमपटांची रांग लावली. आई माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

हल्लीच्या रिमोटांवरचा माझा खरा राग वेगळाच आहे. २०११ पासून रिमोटवर नेटफ्लिक्सचं बटण येऊ लागलं, मग त्याच्या शेजारी इतर दुकानं आली. कित्येक रिमोटांवरून आकडे गेले, काहींवरून म्यूटही गेलं. जागा झाली ती पाट्यांना. रिमोट तुम्ही विकत घेतलाय, पण त्यावरची मोक्याची जागा कंपनीने परस्पर भाड्याने दिलीय आणि त्या भाड्यातला रुपया तुम्हाला मिळत नाही. १९९५ साली युतीचं सरकार आलं तेव्हा मुख्यमंत्री मनोहर जोशी होते आणि सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचं बाळासाहेब ठाकरे उघड सांगत होते. रिमोट ज्याच्या हाती त्याची सत्ता, हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. मग घरातल्या रिमोटच्या बाबतीतच आपण इतके बावळट कसे?

मी आयुष्यभर कारखान्यात विजेची दुरुस्ती केली. डोक्यावरून जाणाऱ्या क्रेनला खाली एक पेंडंट लोंबतं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, अशी ठसठशीत बटणं आणि एक लाल, भुईछत्रासारखं, संकटात थापटायचं. क्रेन चालवणाऱ्या खलाशाच्या हातात जाड मोजे, नजर वर टांगलेल्या लोखंडावर. तो बटणाकडे बघत नाही; बघितलं तर खालचा माणूस जाईल. तिथे टचस्क्रीन लावायची सूचना कोणी केली असती तर त्याला गेटाबाहेर काढलं असतं. टीव्हीने कोणी मरत नाही, पण अंधारात चष्म्याशिवाय, नजर पडद्यावर ठेवून अंगठा चालतो की नाही, ही कसोटी तीच आहे.

या कसोटीला उतरतो तो ज्याला सगळे म्हातारा म्हणून मोडीत काढतात, तो इन्फ्रारेड रिमोट. बटण दाबलं की पुढचा बारीक दिवा बहुधा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो, डोळ्याला न दिसता. समोर टीएसओपी १७३८ सारखा तीन पायांचा डोळा ते टिपतो. नावातले शेवटचे ३८ म्हणजे तेच ३८ किलोहर्ट्झ. दिवा गेला की नाही हे तपासायचं तर फोनचा पुढचा कॅमेरा त्यावर धरा, जांभळट ठिपका दिसेल. दुरुस्ती कळते, सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, आणि रुसला तर तळहातावर दोन थापटा मारायची सोय आहे. बोलायची परवानगी मागणाऱ्या कुठल्या यंत्रात ती सोय आहे?

लोक म्हणतील, इन्फ्रारेड भिंतीपलीकडे जात नाही. खरं आहे. संगणक कपाटात कोंडून ठेवायचा असेल तर रेडिओचा रिमोट घ्या, पण बटणं मोजून घ्या. लोक म्हणतील, हे जुनं झालं. तर जुनंच ऐका. झेनिथ कंपनीने १९५५ साली उजेडाच्या झोताने चालणारा रिमोट काढला. खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा. पुढच्याच वर्षी त्यांच्या रॉबर्ट अॅडलर यांनी सेलच नसलेला रिमोट आणला. बटणाने आतली हातोडी अॅल्युमिनियमच्या कांडीवर पडे आणि माणसाला ऐकू न येणारा नाद टीव्ही ऐके. सेल का नको? सेल संपला की गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला समजेल, अशी विकणाऱ्यांना धास्ती होती. विकणारा गिऱ्हाइकाच्या गोंधळाची धास्ती घेत होता, यावर आज कोण विश्वास ठेवेल?

तर खरेदीला निघण्याआधी टीव्हीचाच रिमोट संगणकाला चालतो का ते बघा. एचडीएमआयच्या तेराव्या पिनेवरून ही आज्ञा जाते, तिला सीईसी म्हणतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात ती सोय आहे, पण बहुतेक संगणकांच्या ग्राफिक्स कार्डांत नाही. आमच्यातही नव्हती. तेव्हा यूएसबीत खोचायचा, कुठल्याही रिमोटची बटणं शिकून घेणारा रिसीव्हर घ्या. शिकणाराच घ्या, कारण सगळे रिमोट एकच भाषा बोलत नाहीत; फिलिप्सची जुनी आरसी-५ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर बोलते. मग ड्रॉवर उघडा.

मी उघडला. मेलेल्या टीव्हींचे, डीव्हीडी प्लेयरचे रिमोट, काहींवर अजून प्लास्टिकची पिशवी आणि रबर. रात्री दिवा मालवून ते सगळे आईच्या मांडीवर ठेवले आणि म्हटलं, तूच निवड. तिने एकेक चाचपला. दोन बाजूला फेकले. एका लांबट रिमोटवर अंगठा थांबला; रबरी, फुगीर बटणं, मागच्या झाकणाच्या जागी चिकटपट्टी. "हा दे." आठ बटणं शिकवली, बाकीची मुकी ठेवली. ओकेवर एम-सीलचा थेंब बसवला.

दुसऱ्या संध्याकाळी आई नाटक बघत होती. मी शेजारी बसून, शिकणारा रिसीव्हर कसा शिकतो ते तिला समजावू लागलो. तिने पडद्यावरची नजर न हलवता अंगठा दाबला. नट तोंड उघडं ठेवून थांबला.

"बोल," ती म्हणाली, "काय बोलायचं ते एकदाच बोलून घे."