गाव वाढतंय म्हणजे नेमकं काय वाढतंय?



"सर, मुंबईची नोकरी सोडून मालवणला जायचा विचार आहे. आता तिथे खूप डेव्हलपमेंट झाली आहे. होमस्टे टाकू का?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे. गावी जरूर जा, पण सुरुवात होमस्टेने करू नका. का, ते सांगतो.

आधी वाढ म्हणजे काय ते बघू. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, 2021 मध्ये चिपी विमानतळ झाला. तारकर्ली, देवबाग, चिवला बीच ही नावं सगळीकडे पोहोचली. हे सगळं खरं. पण याच काळातला दुसरा आकडा बघा. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे 19 हजारांनी कमी!

याचा अर्थ काय? येणारे-जाणारे वाढले, राहणारे नाही. धंदा करणाऱ्यासाठी या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पाहुणा येतो तो दिवाळीत, नाताळात, शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या बोटी बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद. बँकेचा हप्ता मात्र जुलैमध्येही येतो.

एक साधा हिशोब मांडू. आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. समजा चार खोल्या, भाडं रोजचं 2,000 रुपये आणि वर्षात 90 रात्री सगळ्या खोल्या भरल्या. जमा झाले 7,20,000. वीज, धुलाई, कामगार, बुकिंगचं कमिशन यात निम्मे गेले, उरले 3,60,000. कर्जाचा हप्ता महिन्याला 20,000, म्हणजे वर्षाचे 2,40,000. हातात राहिले 1,20,000. महिन्याला दहा हजार! स्वतःची जागा असेल आणि कर्ज नसेल, तर गणित वेगळं. पण नोकरी सोडून, कर्ज काढून हे करणार असाल, तर दहादा विचार करा.

मग करायचं काय? पाहुण्याकडे नंतर बघा, आधी पाहुण्याला सांभाळणाऱ्याकडे बघा. इतके होमस्टे आहेत, त्यांच्या चादरी-टॉवेल कोण धुतं? पावसात ते वाळवतं कोण? खाऱ्या हवेने एसी, फ्रीज, पंप गंजतात. दुरुस्तीवाला फोन केल्यावर किती दिवसांनी येतो? मालवणला रेल्वे स्टेशन नाही. कुडाळ किंवा कणकवलीला उतरलेला माणूस पुढे कसा येतो?

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे गावात बाराही महिने राहणारी माणसं. मुलं मुंबई-पुण्याला आणि आईवडील इथे, अशी घरं कितीतरी आहेत. त्यांना जेवणाचा डबा हवा, घरपोच औषधं हवीत, इन्व्हर्टर बंद पडला तर बघायला विश्वासाचा माणूस हवा. पैसे देणारा मुलगा मुंबईत असतो आणि तो वेळेवर पैसे पाठवतो, कारण त्याला आईची काळजी असते.

तिसरं गिऱ्हाईक चाकरमानी. गणपतीला आणि मे महिन्यात तो येतो आणि जाताना खाजा, काजू, कोकम, मालवणी मसाला घेऊन जातो. त्याचा फोन नंबर घेऊन ठेवा. नोव्हेंबरमध्ये मसाला संपला की पार्सल तुमच्याकडूनच गेलं पाहिजे.

आता छोट्या गावात राहण्याबद्दल. इथे तुमचं दुकान आणि तुमचं घर वेगळं राहत नाही. "काय रे, धंदो कसो चलता?" हे बाजारात, देवळात, लग्नात सगळीकडे विचारलं जाणार. आज दिलेला खराब माल संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला कळतो. पण चांगलं काम केलंत तर तेही तितक्याच वेगाने पसरतं आणि त्या जाहिरातीला एक रुपया लागत नाही.

इथली खरी परीक्षा उधारीची. समोर मामा, काका, शाळेतला मित्र. नाही कसं म्हणणार? म्हणून नियम पहिल्या दिवशीच ठरवा. उधारीची मर्यादा किती, फेडायची तारीख कुठली, हे वहीत सगळ्यांसमोर लिहा आणि नियम सगळ्यांना सारखा ठेवा. नातं उधारी नाकारल्याने जितकं तुटत नाही, तितकं थकलेली उधारी मागताना तुटतं.

आजचं काम: एक कागद घ्या. जून ते मे असे बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यापुढे तुमचं गिऱ्हाईक कोण आणि ते किती वेळा येईल, ते लिहा. चारपेक्षा जास्त महिने कोरे राहिले, तर धंद्याची कल्पना बदला. गाव बदलायची गरज नाही.

माझ्या मते मालवणमध्ये आज संधी आहे, आणि ती शहरापेक्षा कमी भांडवलात मिळते. फक्त ती मे महिन्यातल्या गर्दीत शोधू नका. जुलैमध्ये चार दिवस जाऊन राहा, बाजारात फिरा, लोकांना काय अडतं ते विचारा. मग ठरवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.