तज्ज्ञांची समिति आणि गांवची सभा

आषाढाच्या अखेरीस माळशेज घाटाच्या पायथ्याचा एक जुना विद्यार्थी मुरबाडास भेटावयास आला. भातलावणी उरकली होती, तरी मुद्रा चिंताक्रांत दिसली. तो म्हणाला, "गुरुजी, डोंगरांसाठीं सरकारनें मोठ्या शहाण्यांची समिति नेमली होती, आणि तिच्यापायीं आमची शेती बंद होणार, असें लोक बोलतात. खरें काय?"

संशय उत्पन्न झाला असतां थोड्या जाणत्यांस एकत्र बसवावें, ही रीति आपणांस नवी नाहीं. मनुस्मृतींत धर्मनिर्णयासाठीं दहांची, निदान तिघांची परिषद् सांगितली आहे. वेदवेत्ते, तर्कज्ञ, निरुक्तज्ञ तिचे सभासद; नांगर धरणारास तींत आसन नव्हतें.

पश्चिम घाटाच्या रक्षणार्थ केंद्र सरकारनें 2010 सालीं डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं तज्ज्ञसमिति नेमली. 31 ऑगस्ट 2011 रोजीं तिनें अहवाल दिला. सर्व घाट संवेदनशील मानून त्याचे तीन वर्ग पाडावे व अंतिम सीमा ग्रामसभांच्या विचारानें ठरवाव्या, असें तिचें म्हणणें. नांगर धरणारास आसन देणारी ही समिति होती. परंतु अहवाल कित्येक महिने सरकारी कपाटांतच राहिला. माहिती आयोगाचा आदेश व दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय झाल्यावर, 2012 सालीं, तो लोकांपुढें आला. पुढें डॉ. कस्तुरीरंगन यांच्या मंडळानें 2013 सालीं सुमारें 37 टक्के क्षेत्र संवेदनशील ठरविलें. त्यावर मसुद्यामागून मसुदे निघाले. सहावा 31 जुलै 2024 चा.

मध्यंतरीं 30 जुलै 2014 रोजीं, याच सह्याद्रींत, आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला व दीडशें माणसें गाडलीं गेलीं. त्याचें खापर एकाच कारणावर फोडणें योग्य नव्हे. तथापि मसुदा पुरा होईपर्यंत डोंगर थांबत नाहीं, एवढें त्यावरून समजावें.

मीं सहाव्या मसुद्यांतील निर्बंध त्यास समजावून सांगितले. खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प यांस त्यांत बंदी आहे, भातशेतीस नाहीं. तो क्षणभर स्तब्ध राहिला, मग म्हणाला, "हें आम्हांला कोणीं वाचून दाखविलें नाहीं."

त्या एका वाक्यांत सर्व दोष आला. वैद्यानें नाडी पाहावी, औषध लिहावें, आणि चिठी रोग्याच्या हातीं पडूं नये, अशी ही स्थिति आहे. मग कोणी येऊन औषधास विष म्हणाला, तर रोग्यानें विश्वास कां ठेवूं नये?

वाचकहो, आपणांपैकीं अनेकांचीं मूळ गांवें घाटाच्या कुशींत आहेत. यंदा गणपतीस गांवीं जाल, तेव्हां असा एखादा कागद बरोबर न्यावा आणि पारावर बसून, सोप्या मराठींत, वाचून दाखवावा. मान्य करावयाचें कीं नाहीं, तें गांव ठरवील. परंतु ऐकल्यावांचून ठरविण्याची पाळी त्यावर येऊं नये. माझा विद्यार्थी येत्या ग्रामसभेंत तो मसुदा वाचणार आहे. कठीण शब्दांचे अर्थ मीं समासांत लिहून दिले आहेत.