कानाला सवय कुठून होणार?



नगर तालुक्यातलं हिवरे बाजार आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान करून गावाने पाणी अडवलं. पाऊस मोजून तिथे पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच पिकं ठरवतात. हे पाहायला परदेशातूनही माणसं येतात. त्यांनी इंग्रजीत काही विचारलं, तर पदवीच्या वर्गात इंग्रजी शिकणारी गावातली मुलगी पुढे होईल का? हिवरे बाजारचंच नव्हे, कुठल्याही गावाचं विचारते आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे कॉलेजात येईपर्यंत मुलीची बारा वर्षं इंग्रजीत गेलेली असतात. ती उत्तरं लिहिते, पास होते. पण समोरचं माणूस भराभर बोलू लागलं की गप्प. मग आपण म्हणतो, बुजरी आहे. मला हे साफ नामंजूर आहे. तिच्या कानाला सवय नाही, एवढंच.

मराठीत आपण बहुतेक अक्षरं पुरती उच्चारतो. इंग्रजी बोलणारा महत्त्वाच्या शब्दावर जोर देतो आणि आजूबाजूचे बारके शब्द गिळून टाकतो. 'व्हॉट डू यू वाँट टु डू' हे कानावर 'व्हॉड्यू वॉना डू' असं पडतं. पुस्तकातले सुटे शब्द ती त्यात शोधत बसते, तोवर पुढचं वाक्य निघून जातं. वर्गात धडा मराठीत समजावला जातो, पेपर लेखी असतो. कान तयार व्हायला जागाच नाही.

उपाय महाग नाही. दोन-तीन मिनिटांचं बोलणं घ्यावं. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या चालतील. बीबीसीचे शिकणाऱ्यांसाठीचे कार्यक्रम छापील मजकुरासकट फुकट मिळतात. आधी नुसतं ऐकायचं, विषय कळला तरी पुरे. मग थांबवत थांबवत, ऐकू येईल तसं लिहायचं. ते मजकुराशी ताडायचं, चुकलेली जागा परत ऐकायची, शेवटी त्याच्यासोबत मोठ्याने म्हणायचं. (खाली अक्षरं उमटणारा सिनेमा पाहून काम भागत नाही, त्यात डोळेच राबतात.) रोज अर्धा तास, काही महिने.

आणि हा अर्धा तासच मुलीकडे नाही. मुलगा कानात वायर घालून बसला तर अभ्यास करतो, मुलगी बसली की, "कुणाशी बोलतेस गं?" फोन भावाच्या खिशात. सकाळी गोठा, संध्याकाळी चूल, मधे एस.टी. मुलगा शहरात खोली घेतो, क्लास लावतो. तिला शेवटची गाडी गाठायची असते. मोठ्याने इंग्रजी म्हणायचं तर घरभर हसू.

आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात, इंग्रजीचं एवढं वेड कशाला? मराठीचा अभिमान मलाही आहे. पण तो बाळगण्याचा सल्ला लेकीलाच मिळतो, लेकाला इंग्रजी माध्यमात घालून झाल्यावर. सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'त इंग्रजीला माउली म्हटलं, ते उगाच नव्हे. ज्या नगरात सिंथिया फरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या, तिथली कॉलेजं आज सावित्रीबाईंच्याच नावाच्या विद्यापीठाखाली येतात. त्या कॉलेजांकडे आपण सरळ मागणी करावी: ऐकण्याचा तास वेळापत्रकातच हवा, एस.टी.च्या वेळेआधी, ग्रंथालयात चार हेडफोन हवेत, आणि ऐकण्याला परीक्षेत गुण हवेत. गुण असले की घरचेही वेळ देतात, हा आपला अनुभव आहे.

गावात तर कुणाची वाट पाहायला नको. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे ठराव मांडा: वाचनालयात किंवा शाळेच्या खोलीत रोज संध्याकाळी एक तास मुलींसाठी, गटाच्या फोनवर. किल्ली बचतगटाकडे राहील, आणि त्या तासाला तिच्या वाटची भाकरी घरातलं दुसरं कुणी थापेल.