‘थांब ना बे, मॅच सुरू आहे!’

बालमित्रांनो,

या आठवड्यात काकांच्या टपालात एक जाडजूड पाकीट आलं. उघडलं तर आत वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. एवढं मोठं पत्र मुलं दोनच कारणांनी लिहितात. एक तर खूप आनंद झालेला असतो, नाहीतर खूप राग आलेला असतो. हे पत्र दुसऱ्या जातीचं निघालं!

पत्र आलंय गोसीखुर्दहून. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात हे गाव आहे. वैनगंगेवरच्या ३३ दरवाजांच्या मोठ्या धरणाला या गावाचंच नाव पडलंय, त्यामुळे नाव तुम्ही ऐकलं असेलच. पत्र लिहिणारा मुलगा आठवीत आहे. ‘माझं नाव छापू नका, नाहीतर मित्र चिडवतील,’ असं त्याने दोनदा लिहिलंय, दुसऱ्यांदा खाली रेघ ओढून. तेव्हा नाव नाही सांगत. पत्रातला थोडा भाग मात्र वाचा.

‘काका, आम्ही चौघं पक्के दोस्त आहोत. म्हणजे होतो. आमच्याकडे धान निघालं की बांध्या मोकळ्या होतात. मागच्या वर्षी त्यात आम्ही रोज अंधार पडेपर्यंत क्रिकेट खेळलो. या वर्षी मी बॅट घेऊन जातो अन् एकटाच परत येतो. दोघांच्या हातात मोबाईल आला आहे. ते पारावर शेजारी शेजारी बसतात, पण एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. मी बोलायला गेलो की म्हणतात, थांब ना बे, मॅच सुरू आहे. ती मॅच संपली की दुसरी सुरू. तिसरा मित्र घरातून निघतच नाही, टीव्हीसमोर बसतो. आमच्या घरी एकच मोबाईल आहे, तो बाबांजवळ असतो.

गेल्या महिन्यात मला ताप आला होता. पाच दिवस शाळेत गेलो नाही. मला वाटलं कोणीतरी येईल. कोणीच आलं नाही. सहाव्या दिवशी गेलो तर एकजण म्हणाला, अरे, तू नव्हतास का? काका, मला असं वाटतं की सगळ्यांचे मोबाईल नेऊन नाल्यात टाकावेत. मी वाईट मुलगा आहे का?’

वाचलंत? आता मी आधी या मुलाशी बोलतो. तुम्ही कान देऊन ऐका.

बाळा, तू वाईट मुलगा नाहीस. तापात पाच दिवस दाराकडे बघत पडून राहावं आणि कोणी येऊ नये, याचं दुःख मोबाईलपेक्षा मोठं आहे. तुला राग येणारच. पण मोबाईल नाल्यात टाकायच्या आधी माझी एक फजिती ऐक. मीसुद्धा तुझ्यासारखाच चिडलो होतो आणि तुझ्यापेक्षा एक पाऊल पुढे गेलो होतो!

गोष्ट १९८७ सालची. त्या वर्षी जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली. दर रविवारी सकाळी. तोवर रविवारची सकाळ आमच्या क्रिकेटची होती. मालिका सुरू झाली आणि मैदान ओस पडलं. आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी, त्यामुळे सगळी गल्ली त्या घरात. दाराशी चपलांचा हा ढीग! मी एकटाच बाहेर, हातात बॅट.

दोन-तीन रविवार मी सोसलं. मग एक दिवस डोकं फिरलं. हळूच जिन्याने त्या घराच्या गच्चीवर गेलो. तिथे टीव्हीचा अँटेना होता. आजच्या मुलांना अँटेना माहीत नसेल. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा तो एक सांगाडा असायचा आणि त्याचं तोंड ठरावीक दिशेला असलं तरच चित्र नीट दिसायचं. मी तो धरला आणि गर्रकन फिरवला. खालून एकच ओरडा! पडद्यावर नुसत्या मुंग्या!

मला वाटलं, आता झक मारत सगळे मैदानावर येतील. कसलं काय! सगळे गच्चीवर आले. ‘आलं का?’ ‘नाही.’ ‘आता?’ ‘मुंग्याच!’ असा आरडाओरडा करत अर्ध्या तासात त्यांनी अँटेना जागेवर आणला. मला आईचा मार आणि त्या घरच्या आजोबांची बोलणी, असं दोन्ही मिळालं. खेळायला कोणी आलं नाही ते नाहीच.

मग मैदान पुन्हा भरलं कसं? आमच्या गल्लीत एक कॉलेजात जाणारी ताई होती. ती मला म्हणाली, ‘अरे वेड्या, मालिका कधी संपते ते तुला ठाऊक आहे ना? मग मॅच त्यानंतर ठेव की!’ इतकी साधी गोष्ट! पुढच्या रविवारी मी दारोदार सांगून आलो, ‘मालिका संपली की दहा मिनिटांत मैदानावर. टॉस होणार म्हणजे होणार.’ सगळे आले. काहीजण तर येतानाच धनुष्यबाण सोडत आले!

आता यातली खरी गोम लक्षात घ्या, मुलांनो. ती मालिका संपायची. ‘क्रमशः’ म्हटलं की विषय संपला. पुढचा भाग हवा तर आठवडाभर थांबा. टीव्हीच आम्हाला उठवून बाहेर पाठवायचा म्हणा ना. आजच्या मोबाईलमधल्या खेळाला असा शेवटच नाही. एक मॅच संपली की दुसरीचं बटण तयार. आज खेळलास म्हणून बक्षीस, उद्याही आलास तर आणखी मोठं बक्षीस. व्हिडिओचंही तेच. एक संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू होतो. आणि टीव्हीवर आता रात्रंदिवस चालणाऱ्या शेकडो वाहिन्या आहेत. थोडक्यात, ‘आता पुरे’ हे म्हणायचं काम पूर्वी टीव्ही करत होता, ते आता आपल्यालाच करावं लागतं.

आणि ते एकट्याने करणं फार अवघड आहे. का, ते सांगतो. तुझे मित्र जो खेळ खेळतात, त्यात पन्नास किंवा शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. बेटावरची सुरक्षित जागा लहान लहान होत जाते आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. बहुतेकदा चौघाचौघांचा गट असतो. समोरचे खेळाडूही त्याच वेळी आपापल्या घरून खेळत असतात, म्हणून मॅच मध्येच थांबवता येत नाही. एकजण उठला की उरलेले तिघं मार खातात. म्हणजे ‘थांब ना बे’ म्हणणारा मित्र तुला टाळतो असं नाही, तो आपल्या गटाला सोडत नाही. कबड्डी ऐन रंगात असताना तू तरी निघून जाशील का?

मग सरकारने बंदीच घालावी, असं काहीजण म्हणतील. तसंही झालं होतं बरं का! सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात ‘पबजी’ होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’वर बंदी आली. या बंद्या देशाच्या आणि लोकांच्या माहितीच्या सुरक्षेसाठी होत्या. पण मुलं मैदानावर परत आली का? छे! ती दुसऱ्या खेळाकडे वळली. म्हणजे माझ्या अँटेनाचीच गोष्ट, फक्त मोठ्या गच्चीवरची!

मग उपाय काय? तो सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने शोधला. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली आणि शाळा सुरू झाल्यावरही मोबाईल मुलांच्या हातातून सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. भोंगा वाजला की दीड तास गावातले सगळे टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसतील, मोठे वाचतील, गप्पा मारतील. सुरुवातीला लोक हसले. मग आशाताई, शिक्षक, ग्रामपंचायतीची माणसं घरोघर फिरली, समजावून सांगितलं. हळूहळू गाव साथ देऊ लागलं.

या भोंग्यात जादू कसली आहे? त्याने कोणाचा मोबाईल हिसकावला नाही. सगळ्यांना एकाच वेळी थांबवलं, एवढंच. एकट्याने थांबलं तर आपण मागे पडलो असं वाटतं. सगळेच थांबले तर कोणीच मागे पडत नाही!

पत्र लिहिणाऱ्या माझ्या मित्रा, असं काही तुमच्या भागात नाही असं समजू नकोस. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीनंतर तुमच्याकडे गावोगावी मंडई भरते आणि रात्र रात्र नाटकं चालतात. तिथे घराघरात टीव्ही आला, केबल आली, मोबाईल आला. नाटकं बंद पडली का? नाही. वडशाच्या नाटक मंडळ्या आजही गावोगाव फिरतात. झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एवढ्या थंडीत लोक घरची करमणूक सोडून रात्रभर मांडवात का बसतात? कारण दिवस ठरलेला असतो, जागा ठरलेली असते, पाहुणे आलेले असतात आणि शेजारी आपल्या ओळखीचं माणूस असतं.

तर आता तू काय करशील? मॅच चालू असताना हाक मारू नकोस. शाळेच्या मधल्या सुट्टीत तिघांना एकत्र गाठ. ‘कधीतरी खेळू या’ असं म्हणू नकोस, कारण ‘कधीतरी’ हा वार पंचांगात नसतो. ‘शनिवारी साडेचारला, आपली नेहमीची बांधी, आपण चौघं’ असं सांग. चौघंच असाल तर दोघं विरुद्ध दोघं विटीदांडू मांडा, नाहीतर कंचे खेळा. साडेसहाला थांबू, मग तुम्ही मॅच खेळा, असंही सांग. आणि एक दिवस तूही त्यांच्याजवळ बसून त्यांची मॅच बघ. त्यांना त्यात काय आवडतं ते विचार. आपलं ऐकावं असं वाटत असेल तर त्यांचंही थोडं ऐकायला नको का? फक्त धरणाच्या आणि कालव्याच्या पाण्याकडे मोठ्या माणसांशिवाय खेळायला जाऊ नका.

एवढं करूनही एखादा आला नाही तर? असं होऊ शकतं. मी खोटा धीर देणार नाही. तिघांतला एकजण आला तरी खेळ सुरू कर. बांधीतून ओरडा ऐकू आला की पारावरच्यांची मान वर होतेच! वर्गातल्या आणखी कोणाला बोलाव. तुझ्यासारखा एकटा बॅट घेऊन फिरणारा दुसरा कोणीतरी गावात असेलच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तापाची गोष्ट मला लिहिलीस, ती त्यांना सांगितलीस का? पत्रावरून वाटतं, नाही सांगितलीस. राग तू मोबाईलवर काढतो आहेस, पण मन दुखलंय ते मित्रांमुळे. एकाला बाजूला घेऊन म्हण, ‘मी आजारी होतो. तू आला नाहीस. मला वाईट वाटलं.’ बस, एवढी तीन वाक्यं. ती बोलायला मोबाईल नाल्यात टाकण्यापेक्षा जास्त धाडस लागतं. पण ज्याला तुझी ओढ आहे, तो खाली मान घालेल आणि पुढच्या वेळी नक्की येईल.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. वडगावात भोंगा वाजल्यावर मोठ्यांचे टीव्हीही बंद झाले, हे विसरू नका. आपण मालिका बघत मुलांना ‘मोबाईल ठेव’ म्हटलं, तर मुलं मोबाईल ठेवत नाहीत, फक्त आवाज कमी करतात! खेळणारं प्रत्येक मूल आजारी नसतं. पण खेळण्यावर ताबाच राहिला नाही, झोप, जेवण, शाळा मागे पडली, नुकसान दिसत असूनही सुटेना आणि हे महिनोन्‌महिने चाललं, तर ओरडू नका, डॉक्टरांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने याची नोंद आजारांच्या यादीत केली आहे, ती २०२२ पासून लागू झाली. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो. आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांना २०२५ च्या कायद्याने बंदी केली आहे. कोणताही खेळ ‘पैसे लावा, जास्त जिंका’ म्हणू लागला, तर मुलांनी ताबडतोब घरी सांगावं.

जाता जाता तुमच्या धरणाकडे येतो. मी गच्चीवर अँटेना फिरवला, त्याच्या पुढच्याच वर्षी, २२ एप्रिल १९८८ रोजी, पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. ते धरण वैनगंगेशी भांडत नाही. त्याला दरवाजे आहेत. कधी उघडायचे, कधी बंद करायचे हे माणसं ठरवतात आणि उघडायच्या आधी खालच्या गावांना सांगतात. आपल्या घरातल्या पडद्यालाही असाच एक दरवाजा बसवता येईल. ठरवून, आणि सगळ्यांना सांगून.

या आठवड्याचं काम : तुमच्या घरात आपोआप संपणाऱ्या गोष्टी कोणत्या आणि न संपणाऱ्या कोणत्या, याच्या दोन याद्या करा. न संपणाऱ्यांतली एक निवडा, तिला घरातल्या सगळ्यांनी मिळून एक वेळ ठरवून द्या आणि सात दिवसांनी काय झालं ते काकांना कळवा. फसलं तरी कळवा. फजितीची पत्रं काकांना जास्त आवडतात!

आणि गोसीखुर्दच्या दोस्ता, शनिवारी कोण कोण आलं ते लिही. मी वाट बघतोय.

तुमचाच,
टपालवाला काका