डोंगरावरचा मनोरा कोणाचा?

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सूरजागडच्या लोहखाणीची क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्याविषयी जनसुनावणी झाली, ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोलीला. ज्या माडिया गोंडांचा ठाकुरदेव त्या डोंगरावर आहे, त्यांनी प्रकल्पाचे कागद कोठे वाचावेत, हा प्रश्न शासनाच्या लेखी दुय्यमच राहिला. खनिज बाहेर नेणारे रस्ते मात्र झाले.

दुर्गमतेची सबब येथे टिकत नाही. इथरनेटची तांब्याची तार एका टप्प्यात शंभर मीटरच जाते आणि जंगलात प्रकाशतंतू पुरणे खर्चाचे असते, हे खरे. परंतु दोन उंच जागा एकमेकींना दिसत असतील, तर समोरासमोर रोखलेल्या दोन लहान अँटेना तेच जाळे कित्येक किलोमीटर पुढे नेतात. मनोरा झाडांच्या शेंड्यांवर निघाला पाहिजे. लागणारी अल्प वीज सूर्यही पुरवतो. मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातील गावे बिनतारी दुव्यांनी जोडून दाखविली. २०१८ मध्ये पाच गिगाहर्ट्झच्या लहरींचा मोठा पट्टा परवानामुक्तही झाला.

कायदाही आड येत नाही. २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेच्या शिफारशीने दूरसंचार वाहिन्यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरू देतो. म्हणजे खरा प्रश्न मालकीचा आहे. केंद्राने २०१४ मध्ये नक्षलग्रस्त भागांसाठी मोबाइल मनोऱ्यांची योजना मंजूर केली, तेव्हा सुरक्षेची गरज अग्रभागी होती. सुरक्षा आणि नफा यांच्या नकाशावरूनच मनोऱ्यांच्या जागा ठरू लागल्या, तर आदिवासी हा त्या जाळ्याचा केवळ ग्राहक राहील, धनी कधीच होणार नाही.

पावसाळ्यात वीज कोसळली तर दुरुस्ती कोण करणार, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ पासून आपला बांबू स्वतः विकून त्याचा हिशेब ठेवला. जी ग्रामसभा जंगल सांभाळते, तिला गावातील दोन तरुण शिकवून चार अँटेना सांभाळता येणार नाहीत काय?

शासनाने तालुक्यापर्यंतची मुख्य वाहिनी अल्प दरात द्यावी. पुढील दुवे ग्रामसभांच्या मालकीचे असावेत. खाणीचा प्रत्येक कागद सुनावणीपूर्वी गावात, गोंडी-माडियात समजावून वाचला जावा. त्याखेरीज घेतलेली संमती ही लोकशाहीची थट्टा ठरेल.