पावसातली पकड बिलावर दिसत नाही! स्वस्त टायर घेताना भिवंडीकरांनी काय पाहावे?

भिवंडी : पावसाळा तोंडावर आला की अंजूरफाटा, माणकोली, पडघा पट्ट्यातल्या टायरच्या दुकानांत गर्दी वाढते. गिऱ्हाईकाचे प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला देणार? किती किलोमीटर चालणार? जुन्या टायरचे किती वजा करणार? ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर गाडी किती अंतरात थांबेल, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारले तरी दुकानदाराकडे आकडा नसतो. तो आकडा गिऱ्हाईकासमोर यावा, अशी व्यवस्थाच आपल्याकडे झालेली नाही.

ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गोदामांमुळे भिवंडीच्या रस्त्यांवर कंटेनर आणि ट्रेलरची रांग तुटत नाही. सांडलेले डिझेल-ऑइल, चिखल आणि खड्ड्यांत साचलेले पाणी यातूनच छोट्या गाड्यांना वाट काढावी लागते. भिवंडी-वाडा-मनोर रस्त्याच्या खड्ड्यांविरुद्ध तर वर्षानुवर्षे आंदोलने होत आली आहेत. रस्ता सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर गाडी आणि रस्ता यांच्यात तळहाताएवढे चार रबरी ठिपके, एवढाच काय तो आधार.

नियम आहे, माहिती नाही

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये अधिसूचना काढून टायरसाठी तीन कसोट्या सक्तीच्या केल्या : ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळताना होणारा विरोध आणि आवाज. नव्या रचनेच्या टायरना हा नियम १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाला आणि आधीपासून बनणाऱ्या टायरना २०२३ मध्ये. म्हणजे आज बनणारा कारचा नवा टायर किमान पातळी पार केलेला असायला हवा.

पण पास होणे वेगळे आणि पहिला नंबर काढणे वेगळे. काठावर पास झालेला टायर कोणता आणि उत्तम कोणता, हे दुकानात कळत नाही. युरोपात २०१२ पासून टायरवर श्रेणीचे लेबल लागते आणि त्यात ओल्या रस्त्याची श्रेणी वेगळी दिसते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवताना वरच्या आणि खालच्या श्रेणीत सुमारे १८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो, असे तिथले हिशेब सांगतात. १८ मीटर म्हणजे चार मारुती गाड्यांच्या रांगेहून जास्त.

आपल्याकडे काही टायरवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे दिसतात. ते तारे इंधनबचतीचे आहेत. पाच तारे म्हणजे पावसात पाच पट पकड, असा अर्थ कुणी काढू नये.

किलोमीटरचा मोह

कडक रबराचा टायर सावकाश झिजतो, म्हणून जास्त किलोमीटर देतो. ओल्या रस्त्यावर मात्र तोच कडकपणा अनेकदा आड येतो. मिश्रणात सिलिका वापरून कंपन्या ही ओढाताण बरीच कमी करतात, पण दर्जेदार मिश्रणाला पैसा लागतो. म्हणून 'सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चालणारा' अशी जाहिरात दिसली की एक प्रश्न जरूर विचारावा : पावसाचे काय?

स्वस्त म्हणजे वाईटच, असेही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आधी करासकट ५,००० रुपयांना मिळणारा टायर कराच्या हिशेबाने ४,६१० रुपयांच्या आसपास यायला हवा. चारांच्या जोडीत दीड हजार वाचतात. हा पैसा मिरवायच्या अलॉय व्हीलवर घालवण्यापेक्षा एक पायरी वरच्या टायरवर गेला तर बरा.

दुकानात काय तपासाल?

पहिले म्हणजे टायरच्या बाजूवरचा आयएसआय शिक्का. दुसरे, बनावटीची तारीख. लंबगोलातले शेवटचे चार आकडे पाहावेत. २३२५ असेल तर २०२५ सालचा २३ वा आठवडा. 'नवाच आहे' म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल खपवला जात असेल तर इथेच पकडता येतो.

तिसरी खूण फारशी कुणाला माहीत नसते. बऱ्याच टायरवर गोलात इंग्रजी 'ई' आणि त्याच्या जवळ एक लांब क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या शेवटी 'एस', 'डब्ल्यू', 'आर' ही अक्षरे असतील तर 'डब्ल्यू'चा अर्थ असा की टायर ओल्या रस्त्याच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पास झाला आहे. श्रेणी यातून कळत नाही, पण काहीच न कळण्यापेक्षा हे बरे.

चौथे, कंपनीने सांगितलेलाच साइज घ्यावा. रुंद आणि बुटका टायर दिसायला झकास, पण खड्ड्यात त्याचीच कड आधी फुटते आणि साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. आणि पाचवे, दोनच टायर घ्यायचे बजेट असेल तर नवे टायर मागे बसवावेत. अनेकजण उलटे करतात. पण पावसात मागची चाके सुटली की गाडी गरकन फिरते आणि मग सामान्य चालकाच्या हाती काही राहत नाही.

जुना टायर, कमी हवा

कायद्याने कारच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले की टायर संपला. पण पाणी बाहेर फेकायची ताकद त्याच्या आधीच घटलेली असते, म्हणून ३ मिलिमीटरला बदलणे शहाणपणाचे. खाचेत काडेपेटीची काडी घालून नखाने खूण करावी आणि शाळेच्या पट्टीवर मोजावी. खर्च शून्य.

हवेचेही तसेच. १९६० च्या दशकापासून वापरात असलेल्या एका सूत्रानुसार ३३ पौंड हवा असलेला गुळगुळीत टायर पाणी साचलेल्या रस्त्यावर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो. २२ पौंडावर तीच वेळ ताशी ८० च्या आत येते. मुंबई-नाशिक महामार्गावर हा वेग कुणालाही जड नाही.

खरी अडचण वाडा, शहापूर, मुरबाडच्या गावांतून प्रवासी आणि कामगार वाहणाऱ्या इको-जीपवाल्यांची आहे. रोजच्या धंद्यातून हप्ता, डिझेल आणि घर भागवायचे, तर हात सेकंडहँड टायरकडेच जातो. अशा टायरच्या आतली जखम बाहेरून दिसत नाही, आणि गाडीत माणसे मात्र आठ-दहा बसलेली असतात. वापरलेला टायर घ्यायचाच तर तारीख, खाचा आणि आतून मारलेले ठिगळ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चाचणी सक्तीची झाली आहे, म्हणजे आकडे कंपन्यांकडे आहेत. ते टायरवरच्या स्टिकरवर छापायला वेगळा कारखाना लागत नाही, सरकारचा एक आदेश लागतो. तो निघेल तेव्हा भाव विचारणारे गिऱ्हाईक पकडही विचारू लागेल. तोपर्यंत काडेपेटीची काडी आणि हवेचा काटा हीच इथल्या गाडीवाल्याची तपासणी.