भरतीच्या वेळी रोहितांनी जायचे कुठे?

नागपूरच्या नंदनवनातून मुंबईचा समुद्र रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर दूर. त्यामुळे ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, विषय काढला की आमच्या वस्तीत प्रश्न येतो, ‘आपल्याला काय त्याचे?’ प्रश्न रास्त आहे. पण उत्तर आपल्या दाराशीच आहे. हिवाळ्यात उमरेड रस्त्याकडच्या तलावांवर पट्टकादंब हंस उतरतात. दिवसा पाण्यावर विसावतात, रात्री आसपासच्या शेतांत चरतात. तलाव राखला आणि शेते गेली, तर हंस येतील का?

खाडीचे गणितही असेच आहे. फक्त तिथे दिवस-रात्रीऐवजी भरती-ओहोटी चालते. ओहोटीला चिखल उघडा पडतो. लहान रोहित त्यातले शेवाळ गाळून खातात, मोठे रोहित बारीक जीव टिपतात. सहाएक तासांनी भरती येते, चिखल बुडतो आणि हजारोंचे थवे किनाऱ्यामागच्या उथळ तळ्यांकडे उडतात. रोहित झाडावर बसत नाहीत. त्यामुळे नुसती कांदळवने राखून त्यांची सोय होत नाही. शिवडीच्या धक्क्यावरून मी हे पक्षी पाहिले, तेव्हा साऱ्या दुर्बिणी चिखलाकडे होत्या. दुखणे मात्र तळ्यांकडे आहे.

कागदावर आपण थोडे केलेले नाही. २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टरांचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. २०२२ मध्ये खाडीचे ६,५२१ हेक्टर क्षेत्र पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेले. पण नेरुळचे डीपीएस तळे अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिले. जेमतेम तीस एकरांचे हे तळे म्हणजे थव्यांचे भरतीतले विश्रांतिस्थान. २०२४ च्या उन्हाळ्यात भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजली आणि तळे आटले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरजवळ थवा विमानाला धडकला. ३९ रोहित मेले. या दोन घटनांचा थेट संबंध जोडण्याची घाई मी करणार नाही. पण विसाव्याच्या जागा कमी झाल्या की थव्यांना भलत्या वेळी, भलत्या दिशेने भटकावे लागते, हे समजायला पक्षितज्ज्ञ व्हावे लागत नाही.

हे तळे संवर्धन राखीव करण्याचा निर्णय २०२५ मध्ये सरकारने घेतला, हे चांगलेच झाले. तरी नुसत्या नावाने तळ्यात पाणी येत नाही. पाण्याची वाट उघडी आहे की नाही, हे दर मोसमाआधी पाहणारा जबाबदार माणूस लागतो. शिवाय खाडीकाठच्या प्रत्येक नव्या बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारायला हवा: भरती आल्यावर हे पक्षी कुठे जाणार? आपल्या तलावांभोवतीची शेते बिनशेती होत असताना हाच प्रश्न नागपूरकरांनीही विचारायला हरकत नाही.